दोन सह्यांसाठी मालवणमुलखात

प्रवासाहून आलेली माणसं लिहितात ती इतरांनीही जावं म्हणून. माझा तसा हेतू नाही. मालवणचा किनारा सुंदर आहे, मासे ताजे आहेत, माणसं बोलायला तिखट आणि मनानं बरी आहेत, हे सगळं खरं. पण मी गेले होते दोन सह्या आणायला. त्या न घेता परत आले, आणि त्यात चूक दुसऱ्या कुणाची नव्हती. शाळेत मी दरवर्षी मुलींना ‘माझा प्रवास’ असा निबंध घालते आणि पानं भरली नाहीत म्हणून रागावते. माझा स्वतःचा मात्र कुणाला सांगितलेला नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी अप्पांचं सांगायला हवं. अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांनी मुंबईच्या एका छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवले. नोकरी सुटून पुष्कळ वर्षं झाली तरी वर्तमानपत्र हातात आलं की पेन्सिल शोधायचे आणि समासात चुका दाखवत बसायचे. आई मी लहान असतानाच गेली. भावंडं नाहीत. मी लग्न केलं नाही, त्याची कारणं इथं नकोत. दोन खोल्यांत आम्ही दोघंच, आणि आमचं एकमेकांशी बरं चाललं होतं.

आमच्या आडनावाच्या लोकांचं मुंबईत एक कुलमंडळ आहे. आडनाव लिहीत नाही, कारण त्या आडनावाची माणसं पुष्कळ आहेत आणि सगळीच वाईट नाहीत. मंडळानं कुलवृत्तान्त काढायचं ठरवलं: मूळ पुरुषापासून आजपर्यंत कोण कोणाचा मुलगा, गावातून निघालेले फाटे कुठं कुठं पोचले, सगळं एका जाड पुस्तकात. योगायोग असा की छपाईला ते अप्पांच्याच जुन्या छापखान्यात आलं. तिथला एक सोबती एका संध्याकाळी कच्ची पानं घेऊन आला. म्हणाला, “बघा बुवा, तुमचं नाव कुठं बसवलंय ते.”

अप्पांनी चष्मा पुसला आणि बोट फिरवत फिरवत आपल्या आजोबांपर्यंत आले. विठोजी. पुढं एकच शब्द छापलेला होता: निर्वंश.

अप्पा आधी हसले. “इंदू, मी इथं बसून चहा पितोय आणि हे म्हणतात निर्वंश,” म्हणाले. समासात दुरुस्तीची खूण केली, पेन्सिल कानावर ठेवली. पण रात्री जेवायला बसले ते नुसतं ताट बघत.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन मंडळाच्या चिटणिसांकडे गेले. सज्जन गृहस्थ, पण कागदाच्या पलीकडे पाहायची सवय नसलेले.

“विठोजींना मुलगा होता याला पुरावा काय?” त्यांनी विचारलं.

“मी,” अप्पा म्हणाले. “रामा माझे वडील. विठोजी त्यांचे वडील.”

“तुम्ही पुरावा नव्हे, तुम्ही अर्जदार,” चिटणीस म्हणाले आणि छापील अर्ज पुढं केला. त्यात खाली दोन रेघा होत्या. गावच्या दोन मानकऱ्यांनी, म्हणजे देवळात आणि गावकारभारात ज्यांचा पहिला मान त्यांनी, तिथं सही करायची की हा वंश आमच्या गावचा, आमच्या माहितीचा. पौष संपायच्या आत आणा, नाहीतर पानं मशीनवर चढतील, असंही त्यांनी सांगितलं.

अप्पांना दम होता, पायांवर सूज होती, बोटीचा प्रवास त्यांच्यानं होणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, “जाऊ दे ना अप्पा. कोण वाचतंय ते पुस्तक?”

तेव्हा ते म्हणाले ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. “माझ्यासाठी नाही गो. प्रत्येकाच्या खाली बारीक टायपात मुलींची नावं आहेत, बघितलीस? ‘कन्या एक, इंदुमती.’ एवढं छापून आलं की झालं. दुसऱ्या कुणाच्या घरच्या पुस्तकात तुझं नाव यायचं नाही. कुठंतरी असावं.” चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं जुळवलेल्या माणसाचं हे मागणं. शेजारच्या वहिनींना अप्पांकडं बघायला सांगून मार्गशीर्षात मी बोटीत बसले.

मालवण

बोटीचं काय सांगायचं? मी आडवी होते आणि समुद्र उभा होता. मालवणला बोट धक्क्याला लागत नाही. खडक फार, म्हणून लांब उभी राहते आणि माणसं पडावात उतरतात. उतरताना माझी एक चप्पल समुद्रात गेली. पडाववाल्यानं तिच्याकडं शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, “जावंदे. दर्याक कायतरी दिल्याशिवाय हय कोण उतरणा नाय.” उरलेली चप्पल मी पिशवीत घातली, का कोण जाणे.

खानावळीत बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी मिळाली. आमच्याकडं मुंबईत मासा विकत घेतला की तो कधी समुद्रात होता याची आठवणसुद्धा राहत नाही. इथं तो सकाळी पोहत होता असं लागतं. वाढणाऱ्या बाईनं भात घालायच्या आधी विचारलं, “तू खंयचा गो? कोणाचा चेडू?” मुंबईत मी एका जिन्यावर वीस वर्षं चढउतार करते, तिथं मला हे कुणी विचारलेलं नाही. मी गावाचं नाव सांगितलं. कोणाची, ते सांगायलाच तर आले होते, ते मात्र चटकन सांगता येईना. “शाळामास्तरीण आहे,” एवढंच म्हटलं.

कचेरीत जन्ममृत्यूचं दप्तर बघायला गेले. कारकून शुद्ध मराठीत म्हणाला, “बाई, आमचं दप्तर तुमच्या आजोबांपेक्षा वयानं लहान आहे. तुम्ही गावातच जा.” पोस्टात वहिनींना कार्ड टाकलं: काही लागलं तर आमच्या गावच्या मानकऱ्यांच्या पत्त्यावर कळवा. नव्या चपला घेतल्या आणि मोटारीत बसले.

गाव आचऱ्याच्या बाजूला, खाडीच्या अल्याड. नाव लिहीत नाही. मोटारीत शेजारी एक म्हातारी मासे विकून परत चालली होती. कुठं जातेस विचारलं, मी सांगितलं, तर म्हणाली, “आज थंय कित्याक? गाव पळालो हा.”

मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय.

शिवेबाहेर

गाव खरंच पळाला होता. ज्यांनी हे ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या बाजूच्या काही गावांत दर काही वर्षांनी देव कौल देतो आणि अख्खा गाव शीव ओलांडून बाहेर जातो. म्हातारी माणसं, पाळण्यातली पोरं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. दारं नुसती ओढून घेतात, कुलूप नाही. तीन दिवस आणि तीन रात्री गाव देवाचा आणि त्याच्या राखणदारांचा, माणसाचा नव्हे. कुणी आत पाय टाकायचा नाही. याला गावपळण म्हणतात. चौथ्या दिवशी गुरव आणि मानकरी तेवढे देवळापर्यंत जाऊन कौल लावतात, आणि देवानं होकार दिला की गाव परत भरतो.

मी पोचले तेव्हा पहिलाच दिवस होता. शिवेपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी उभ्या होत्या, चुली पेटल्या होत्या, बायका हसत होत्या. लग्नघरासारखी गडबड. मानकऱ्यांची खोप कुठली ते विचारत गेले. आबा नावाचे उंच, वाळकेसे गृहस्थ दारात सुंभ वळत बसले होते. मी वाकून नमस्कार केला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं: मी विठोजींची पणती, मुंबईहून आले.

आबांचे हात थांबले. त्यांनी आत बायकोकडं पाहिलं. मग म्हणाले, “विठोजीचा? … आदी पेज खा. मगे बोलया.”

त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला खारा बांगडा पुढं ठेवला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. हात धुतला, आणि खायच्या आधी पेजेतलं एक शीत पानाच्या डावीकडं ठेवलं. अप्पा ठेवतात, त्यांचे वडील ठेवायचे. ‘राखणदाराचं’ म्हणतात. मुंबईत ते कावळासुद्धा खात नाही. सवयीचा हात आपोआप गेला.

काकी बघतच राहिल्या. “ह्या तुका कोणी शिकवल्यान?”

“अप्पा करतात.”

“आमच्या घरातच करतत ह्या. बाकी गावात नाय.” मग नवऱ्याला म्हणाल्या, “बघलात?”

“बघलंय,” आबा म्हणाले.

त्या वेळी मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. शंभर वर्षांनी कुणीतरी मला ओळखलं होतं, एका शितावरून. मी तिथंच अर्ज काढला, पेन काढलं. आबांनी हातानं थांबवलं.

“सही देतलंय. पण हय नाय. भायर आसताना गावचो कारभार आमी करीत नाय. गाव भरलो काय ओट्यार बसान देतलंय.”

मी विचारलं, “तुमच्याकडं वंशावळ लिहिलेली आहे ना?”

“आसा. घरात, पेटयेत. ती हय हाडूची नसता,” ते म्हणाले, म्हणजे शिवेबाहेर आणायची नसते, आणि पुन्हा सुंभ वळायला लागले.

मला घाई नव्हती. तीन दिवस म्हणजे काय मोठं! ते तीन दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे आज लिहितानाही खोटं वाटत नाही. काळ्या वाटाण्यांची आमटी, घावणे, दुपारी बायकांच्या फुगड्या. त्यात मलाही ओढलं, आणि चाळिशी उलटलेली मास्तरीण फुगडी घालताना बघून म्हाताऱ्या पोट धरून हसल्या. दुसरे मानकरी बापू, गोल चेहऱ्याचे आणि थट्टेखोर, जाता येता म्हणायचे, “मुंबयत राखणदाराक शीत घालतास, मासळी मात्र शिळी खातास.” काकींनी मला त्यांची गोधडी दिली आणि स्वतः सुतळीच्या पोत्यावर निजल्या. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, “घरातल्या चेडवाक पोत्यार निजवतत?”

घरातली पोर. मी ते शब्द मनात घोकत होते, अप्पांना सांगायला.

चौथा दिवस

चौथ्या दिवशी सकाळी गुरव, आबा आणि बापू देवळाकडं गेले. बायकांनी भांडी बांधली, गुरं सोडली. तासाभरानं तिघं परत आले आणि गुरवानं नुसती मान हलवली. देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार. डावी पडली होती.

“आजून दोन दीस,” आबा म्हणाले. कुणी कुरकुर केली नाही. बायकांनी भांडी सोडली, बापू सुटलेली झावळी परत बांधायला लागले. लहान पोरं खोकत होती, पहाटे दंव पडत होतं, तरी कुणी ब्र काढला नाही. आमच्या शाळेत दहा मिनिटं उशिरा घंटा झाली तर केवढा गोंधळ होतो! मला त्यांचं कौतुक वाटलं. दोन दिवस मीही राहीन असं ठरवलं.

तासाभरात पोस्टमन आला. तो शिवेपर्यंत येतो आणि माळावरच टपाल वाटतो. माझ्या नावची तार होती. पोस्टमन माझ्याकडं न बघता दुसरीकडं बघत होता, त्यावरून कळलं की त्यानं वाचली आहे. अप्पांची प्रकृती गंभीर, लगेच निघा.

मालवणहून बोट दुसऱ्या दिवशी दुपारी. म्हणजे पहाटे निघायला हवं. मी तार आबांपुढं धरली.

“आबा, मला आत्ताच सह्या द्या.”

“दोन दीस रव गो.”

“अप्पांकडं दोन दिवस नाहीत.”

ते जमिनीकडं बघत राहिले. “माका इचार करूक दी. सांजेक सांगतंय.”

इथं माझी चूक झाली. सांजेक म्हणजे मला मुंबईच्या कचेरीतल्या खिडकीवरचं ‘उद्या या’ वाटलं. टाळताहेत, असं वाटलं. विचार काय करायचा? ओळख पटली, शीत पाहिलं, घरातली पोर म्हणाले, मग पेन उचलायला काय हरकत? मला राग आला, आणि रागाच्या भरात माणूस जे शहाणपण काढतो ते मी काढलं. सही नाही तर नाही, वंशावळीची नक्कल तर उतरवून नेता येईल. विठोजीपुढं रामाचं नाव लिहिलेलं असणारच. ते दाखवलं की चिटणीस काय बोलणार?

दुपारी माळ पेंगत होता. मी पिशवीत वही आणि पेन्सिल घातली, पाणंदीनं खाली उतरले आणि शीव ओलांडली.

शिवेच्या आत

तो गाव मी एकटीनं पाहिला आहे. कुठं आवाज नाही. कोंबडा नाही, कुत्रा नाही, विहिरीवर रहाट थांबलेला. अंगणातल्या तुळशी पाण्यावाचून मान टाकून होत्या. देवळाची वाट वेगळी; या वाटेवरची लाल माती तीन दिवसांच्या वाऱ्यानं सारखी झालेली, आणि मागं वळून बघितलं तर तीवर फक्त माझ्या नव्या चपलांचे ठसे. भीती वाटली नाही. वाटली असती तर बरं झालं असतं.

आबांचं घर काकींनी बोलता बोलता इतकं सांगितलं होतं की मी चुकले नाही. विहिरीशेजारी, दारात फणस. दार ढकललं. देवघराखाली पेटी, पेटीत बांबूची नळी, नळीत फडक्यावर चिकटवलेला लांब कागद. मोडी होती, आणि मोडी मला अप्पांनीच शिकवलेली. ओट्यावर उजेडात बसून मी बोटानं वर चढत गेले, अगदी अप्पांसारखी. विठोजी सापडला. पुढं रेघ नव्हती, खाली एक ओळ होती:

‘पळणीत बाईल अडली म्हणोन गावात राहिला. पोर झाले ते गावाने पाहिले नाही. पुढे धरू नये.’

मी ती तीनदा वाचली. मग कळलं. ते पोर म्हणजे रामा, माझे आजोबा. गाव शिवेबाहेर असताना, या रिकाम्या घरांत कुठंतरी, विठोजीच्या बायकोला कळा सुटल्या आणि ती हलवण्याजोगी नव्हती. विठोजी तिला सोडून गेला नाही. एवढंच त्यानं केलं. आणि मंडळातल्या कुणीतरी या ओळीची नक्कल करताना ‘पुढे धरू नये’ याचा सरळ ‘निर्वंश’ करून टाकला.

आणि हे वाचत मी कुठं बसले होते? पळणीत, गावात. वहीत एक अक्षर उतरवलं नाही. कागद गुंडाळला, नळीत घातला, पेटी होती तशी लावली, दार ओढून घेतलं.

शिवेवर आले तर समोर काकी उभ्या होत्या. मी खोपीत दिसले नाही म्हणून शोधायला आलेल्या. त्यांच्यामागं आणखी बायका, त्यांच्यामागं माळ. कुणी ओरडलं नाही. काकी फक्त माझ्या पायांकडं बघत होत्या, लाल मातीनं भरलेल्या.

आबा आले. त्यांनी हळू आवाजात विचारलं, “पेटी उघडलंस?”

“हो.”

“वाचलंस?”

“वाचलं.”

ते तिथंच दगडावर बसले. मला उभंच राहावं लागलं.

“माझ्या आज्यान माका सांगलेला,” ते म्हणाले. “पोर दोन दिसांचा होता. विठोजी तेका फडक्यात गुंडाळून ह्याच माळार घेवन इलो. सगळ्यांनी बघला पोर. पण खंय झाला, कोणाचा झाला, ता कोणी बघूक नाय. गाव गावात नव्हतो. मगे साक्ष कोण देतलो? तेणी रागान गाव सोडल्यान. माझो आजो मरासर म्हणत होतो, पोर विठोजीचाच. पण लिवलेला ता लिवलेला.”

“मग तुम्ही सही कशी देणार होता?” मी विचारलं.

“पेटी उघडूचीच नव्हती. वाळवी लागली म्हणान सांगणार होतंय. तार इली तशी बापूकडे गेलंय, तेका समजावलंय. तो पण तयार झालो. सांजेक हयच, माळार, नेम मोडून दोगांय सही करणार होतो. तुझ्या बापाशीसाठी.” ते थांबले. “तू थंय होतंस तेवाच.”

आबांनी दोन नेम मोडायची तयारी केली होती, माझ्यासाठी, आणि मला एक संध्याकाळ दम धरवला नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

“आता नाही देणार?” तरी मी विचारलं. लाज सोडूनच विचारलं.

“आता सगळ्या माळान बघल्यान तुका थंयसून येताना. मी सही केलंय तर गाव इचारतलो, पळण मोडणाऱ्याक आबा आपला म्हणता काय? विठोजीक नाय म्हटला, तुका हो कसा म्हणू?” मग माझ्याकडं पहिल्यांदाच नीट बघून म्हणाले, “विठोजीचाच तू. आता माका कसलोच संशय नाय.”

त्यांच्या आवाजात राग असता तर मला सोसलं असतं.

गुरवानं सांगितलं, पळण मोडली, आजपासून पुन्हा तीन दिवस मोजायचे. माळावर पसरत गेलेली ती बातमी मी डोळ्यांनी बघत होते. एका खोपीतून दुसऱ्या खोपीत. पोरं खोकतच होती. बापू माझ्या शेजारून गेले, थट्टा न करता. एक म्हातारी दुसरीला सांगत होती, “मुंबयचा कोणतरी,” आणि मी ते ऐकलं. सकाळपर्यंत मी घरातली होते.

पहाटे निघाले तेव्हा काकींनी भाकऱ्या बांधून दिल्या. मी त्यांच्या पाया पडले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, “बापाशीक सांग, पेज खाल्लंय आमच्याकडे म्हणान. आणि शीत घालूक चुका नको.” भाकऱ्या गरम होत्या. कधी उठून भाजल्या असतील देव जाणे.

परत

अप्पा होते. मी उंबऱ्यातून आत आले तसे त्यांनी उशीवरून मान वळवली आणि विचारलं, “झाल्या?”

बोटीत सगळा वेळ मी ठरवत होते, खरं सांगायचं. आमच्यात खोटं बोलायची पद्धत नव्हती. पण त्यांचा चेहरा बघितला आणि म्हटलं, “झाल्या. दोन्ही.”

“मानकरी कसे आहेत?”

“आबा म्हणून आहेत. उंच. तुमच्यासारखेच भुवया उचलतात. काकींनी पेज दिली. शीत घातलेलं बघून म्हणाल्या, हे आमच्याच घरात करतात.”

अप्पांच्या डोळ्यांना पाणी आलं. “घर बघितलंस?”

“बघितलं. विहिरीशेजारी आहे. दारात फणस आहे.” हे खरंच होतं, आणि तेच त्यांनी पुनःपुन्हा विचारलं. फणस केवढा, ओटा केवढा, दार कुठल्या तोंडाला. मी सगळं सांगितलं. ते घर मी कशी बघू शकले ते तेवढं सांगितलं नाही. वडिलांचा जन्म कुठं आणि कसा झाला, ते कळायचा हक्क त्यांचा होता. तोही मी दाबून ठेवला, कारण एक धागा ओढला असता तर सगळंच उसवलं असतं. त्यांचं अखेरचं समाधान मी खोट्यावर उभं केलं आणि त्यांना ते कळलं नाही, असं मी धरून चालते.

शेवटच्या दिवशी म्हणाले, “पुस्तक आलं की तुझं नाव नीट बघ. बारीक टायपात चुका फार होतात.” मी परतल्यापासून नवव्या दिवशी गेले.

पुस्तक चैत्रात आलं. चिटणिसांनी सौजन्य म्हणून एक प्रत घरी पाठवली होती. मी टेबलाशी बसले, अप्पांची पेन्सिल घेतली आणि ते पान काढलं. विठोजी, आणि पुढं तोच शब्द. खाली बारीक टायपात काही नव्हतं.

समासात खूण करायला पेन्सिल टेकवली आणि थांबले. अप्पांनी केली होती तेव्हा ती चूक होती. आता ते नाहीत, मी एकटी आहे, माझ्यामागं कुणी नाही. तो शब्द छापून येईपर्यंत बरोबर होऊन बसला होता. मी पेन्सिल परत डब्यात ठेवली.

रोज जेवायला बसले की पानाच्या डावीकडं एक शीत ठेवते. राखणदार त्या गावचा, शिवेच्या आतला. तो इथपर्यंत येतो की नाही, मला ठाऊक नाही.